शिक्षण विधेयक संमत झाले. पण पुढे काय?

७ एप्रिल २०२५ रोजी गोव्यातील सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग भर उन्हाळ्यात सुरू झाले. जूनच्या पहिल्या पावसासोबत शाळेची वाट धरण्याची सवय असलेल्या घरांमध्ये या निर्णयाने अस्वस्थता पसरली, काही पालक उच्च न्यायालयात गेले आणि कित्येक दिवस वर्तमानपत्रांतून या विषयावर वादविवाद झडला. या साऱ्या गदारोळात एक साधी गोष्ट मात्र फारशी चर्चिली गेली नाही. राज्यातील हजारो मुलांच्या दिनक्रमात एवढा मोठा बदल घडवणारा हा निर्णय विधेयकाच्या रूपाने विधानसभेपुढे आलाच नव्हता. शालेय शिक्षण नियमांतील दुरुस्ती आणि खात्याची अधिसूचना एवढ्यावर त्याचे काम भागले.

शेजारच्या महाराष्ट्रातही त्याच काळात असेच घडत होते. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून शिकवण्याचा निर्णय १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने आला, १७ जूनच्या दुसऱ्या शासन निर्णयाने त्याचे रूप पालटले आणि पावसाळी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, २९ जून रोजी, हे दोन्ही निर्णय रद्द झाले. महाराष्ट्राच्या राजकारणातील त्या वर्षाचा सर्वांत गाजलेला शैक्षणिक निर्णय सभागृहात विधेयक न मांडता आला आणि सभागृहात मतदान न होता गेला.

विधानसभेचे अधिवेशन जवळ आले की किती विधेयके येणार, कोणती संमत होणार, विरोधक कशावरून सभात्याग करणार याचीच चर्चा प्रामुख्याने होते. शिक्षणाच्या बाबतीत हे मोजमाप अपुरे ठरते. एखादे शिक्षण विधेयक वर्गखोलीपर्यंत पोहोचण्याआधी अनेक टप्प्यांतून जाते आणि त्यातील निम्म्याहून अधिक टप्पे सभागृहाबाहेरचे असतात. शिवाय मुलांच्या शिक्षणावर सर्वाधिक परिणाम करणारे कित्येक निर्णय विधेयकाच्या वाटेने येतच नाहीत. म्हणूनच अधिवेशनावर लक्ष ठेवताना नेमके कोठे पाहायचे, हे पालकांनी, शिक्षकांनी आणि शाळा चालवणाऱ्या संस्थांनी समजून घेणे आवश्यक झाले आहे.

मसुद्याच्या शेवटची पाने

गोव्यात विधेयकाचा मसुदा इंग्रजीत असतो. मराठी वाचकापर्यंत तो बातमीच्या दोन परिच्छेदांतून पोहोचतो आणि त्यात बहुधा मंत्र्यांचे निवेदनच अधिक असते. मूळ मसुदा पाहिला तर कलमांच्या पाठोपाठ तीन छोटी टिपणे आढळतात. पहिले उद्दिष्टे व कारणे यांचे निवेदन, दुसरे वित्तीय ज्ञापन आणि तिसरे प्रत्यायोजित विधिविधानासंबंधीचे ज्ञापन. या तीन टिपणांत विधेयकाचे खरे स्वरूप बरेचसे उघड होते.

सरकारला कोणता प्रश्न सोडवायचा आहे, हे पहिले टिपण सांगते. त्यासाठी तिजोरीतून पैसा जाणार की नाही, हे दुसरे सांगते. नव्या शिक्षकांच्या नेमणुका, नवी तपासणी यंत्रणा किंवा नव्या सुविधा यांची भाषा विधेयकात असावी आणि वित्तीय ज्ञापनात मात्र कोणताही अतिरिक्त खर्च नाही असे लिहिलेले असावे, तर त्या भाषेला कितपत अर्थ उरतो, हे आमदारांनी विचारायला हवे. तिसरे टिपण सर्वांत दुर्लक्षित असते आणि तेच सर्वांत महत्त्वाचे. कोणत्या बाबी नियमांनी ठरवण्याचा अधिकार सभागृह सरकारकडे सोपवत आहे, त्याची ती नोंद असते. जितक्या अधिक बाबी तेथे नोंदलेल्या, तितका कायद्याचा आशय सभागृहाबाहेर ठरणार, असे समजावे.

एकच सभागृह, मोजके दिवस

महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही शेजारी राज्यांत विधान परिषद आहे. तेथे एका सभागृहात घाईने संमत झालेल्या विधेयकाकडे दुसऱ्या सभागृहात पुन्हा पाहता येते. गोव्यात चाळीस सदस्यांची विधानसभा हे एकमेव सभागृह आहे. विधेयक मांडणे, त्यावर विचार करणे आणि ते संमत करणे या तीन पायऱ्या येथे एकाच छताखाली, प्रसंगी एकाच दिवशी पार पडू शकतात. सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या आठ आमदारांनी पक्षांतर केल्यानंतर विरोधी बाकांवर सातच सदस्य उरले. इतक्या तुटपुंज्या संख्येने प्रत्येक विधेयकाचे प्रत्येक कलम अभ्यासून दुरुस्त्या सुचवणे किती अवघड असते, हे वेगळे सांगायला नको.

वेळेचे गणितही असेच आहे. २०२५ चे पावसाळी अधिवेशन २१ जुलै ते ८ ऑगस्ट या काळात पंधरा दिवस चालले. त्यात प्रश्नोत्तराचा तास, शून्य प्रहर, लक्षवेधी सूचना आणि सर्व खात्यांच्या अनुदान मागण्या यांतून विधेयकांसाठी उरणारा वेळ बहुतांशी दिवसाच्या अखेरीचा असतो. खासगी सदस्यांच्या कामकाजासाठी शुक्रवार राखलेला असतो. म्हणजे त्या संपूर्ण अधिवेशनात असे तीनच शुक्रवार होते. शिवाय ज्या विधेयकामुळे राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च होणार असेल, ते राज्यपालांच्या शिफारशीशिवाय संमत करता येत नाही, असे राज्यघटनेचे कलम २०७ सांगते. राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालत असल्याने, शाळांवर पैसा खर्च करायला लावणारे विरोधी आमदाराचे विधेयक सरकारच्या इच्छेशिवाय पुढे सरकणे कठीण असते.

अशा स्थितीत चिकित्सा समितीचे महत्त्व वाढते. विधेयक समितीकडे गेले तर शिक्षक संघटना, पालक आणि संस्थाचालक यांना म्हणणे मांडण्याची संधी मिळू शकते. पण समितीकडे पाठवणे हा विधेयक थंड्या बस्त्यात टाकण्याचा मार्गही ठरतो. त्यामुळे विधेयक समितीकडे गेले, एवढ्या बातमीवर समाधान न मानता समितीने अहवाल कधी द्यायचा आहे आणि मुदतवाढ किती वेळा घेतली गेली, हे पाहावे लागते.

संमतीनंतरचा प्रवास

सभागृहाने विधेयक संमत केले की कायदा झाला, हा समज खोलवर रुजलेला आहे. गोमंतकीयांना तो चुकीचा असल्याचा अनुभव शिक्षणाबाहेरच्या एका विषयात आलेला आहे. ३० जुलै २०२१ रोजी, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक संमत झाले. त्याविरुद्ध राज्यभर संताप उसळल्यावर ते राज्यपालांकडे पाठवले जाणार नाही, असे खुद्द मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले. सभागृहाने संमत केलेले ते विधेयक कायदा होऊ शकले नाही.

राज्यघटनेच्या कलम २०० नुसार संमत विधेयकाला राज्यपाल संमती देऊ शकतात, ते पुनर्विचारासाठी परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात. शिक्षणाच्या बाबतीत हा शेवटचा पर्याय अधिक वेळा पुढे येतो, त्याचे कारण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीत आहे. तोवर मुख्यतः राज्य सूचीत असलेला शिक्षण हा विषय या दुरुस्तीने समवर्ती सूचीत गेला. त्यामुळे राज्याचे विधेयक केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर राष्ट्रपतींची संमती मिळाल्याखेरीज ते त्या राज्यात टिकत नाही.

तामिळनाडूच्या ‘नीट’विरोधी विधेयकाचा प्रवास या दृष्टीने बोलका आहे. वैद्यकीय प्रवेश बारावीच्या गुणांवर व्हावेत, असे सांगणारे ते विधेयक सप्टेंबर २०२१ मध्ये तेथील विधानसभेने संमत केले. फेब्रुवारी २०२२ च्या आरंभी राज्यपालांनी ते परत पाठवले. ८ फेब्रुवारीला विधानसभेने ते पुन्हा संमत केले. त्यानंतर ते राष्ट्रपतींकडे गेले आणि त्याला संमती नाकारण्यात आल्याचे एप्रिल २०२५ मध्ये स्पष्ट झाले. विधेयक पहिल्यांदा संमत झाले तेव्हा नववीत असलेला विद्यार्थी निकाल कळला तेव्हा बारावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. विधेयकाचे भवितव्य ठरण्याआधी एका संपूर्ण तुकडीचे शालेय जीवन संपले.

हा अनुभव नवा नाही. केरळच्या पहिल्या निवडून आलेल्या सरकारचे शिक्षण विधेयक १९५७ मध्ये संमत झाले, राष्ट्रपतींनी ते सर्वोच्च न्यायालयाच्या सल्ल्यासाठी पाठवले, १९५८ मध्ये न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांच्या हक्कांच्या दृष्टीने त्यावर मत दिले आणि दुरुस्त रूपात ते १९५९ मध्ये कायदा झाले. त्याच वर्षी तीव्र आंदोलनानंतर ते सरकार बरखास्त झाले.

राज्यपालांनी किती काळ विधेयक अडवून धरावे, या प्रश्नावर अलीकडे न्यायालयात मोठे मंथन झाले. तामिळनाडूची दहा विधेयके, त्यातील बहुतेक विद्यापीठांशी संबंधित, राज्यपालांकडे अडकली होती. ८ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन सदस्यीय पीठाने त्यांना संमती मिळाल्याचे मानले आणि राज्यपाल व राष्ट्रपती यांच्यासाठी कालमर्यादाही आखली. त्यानंतर राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला. २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच सदस्यीय घटनापीठाने, न्यायालयाला अशी कालमर्यादा घालता येणार नाही आणि मानीव संमतीची कल्पना राज्यघटनेत बसत नाही, असे मत दिले. मात्र दीर्घकाळ आणि कारण न देता विधेयक अडवून ठेवले तर न्यायालय मर्यादित स्वरूपात निर्णय घेण्याचे निर्देश देऊ शकेल, असेही त्याने म्हटले. याचा सरळ अर्थ असा, की विधेयक संमत झाल्याची तारीख आणि ते कायदा होण्याची तारीख यांच्यातील अंतर पूर्वीप्रमाणेच अनिश्चित राहणार आहे.

नियमांशिवाय कायदा अपुरा

राज्यपालांची संमती मिळून राजपत्रात प्रसिद्धी झाली तरी प्रवास संपत नाही. कायदा कोणत्या तारखेपासून लागू होईल, हे ठरवण्याचा अधिकार अनेकदा सरकारकडे असतो. त्यानंतर नियम करावे लागतात. गोव्यातील शाळा ज्या चौकटीत चालतात तिची दोन मूळ शीर्षके पाहिली तरी हे लक्षात येते. कायद्याच्या नावात १९८४ हे वर्ष आहे, तर नियमांच्या नावात १९८६. मान्यता, प्रवेश, नेमणुका, अनुदान, शालेय वर्ष या शाळेच्या रोजच्या व्यवहारातील बाबींचा तपशील शोधायचा तर नियमांकडेच वळावे लागते.

सीमाभागातील मराठी भाषकांना याचा वेगळ्या अंगाने अनुभव आहे. कर्नाटकातील शाळांमध्ये कन्नड शिकवणे सक्तीचे करणारा कन्नड भाषा शिक्षण कायदा २०१५ चा आहे आणि त्याचे नियम २०१७ चे. बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील मराठी शाळांना या कायद्याची खरी धग कोणत्या इयत्तेपासून, कोणत्या वर्षापासून आणि किती प्रमाणात लागणार, हे समजण्यासाठी कायद्याइतकेच नियम आणि परिपत्रके वाचावी लागली.

सरकारने केलेले नियम विधानसभेच्या पटलावर ठेवावेत, अशी तरतूद बहुतेक कायद्यांत असते. त्यांची छाननी करण्यासाठी प्रत्यायोजित विधिविधान समितीही असते. म्हणजेच नियमांच्या मार्गाने आलेला बदल सभागृहाला पूर्णपणे अगम्य नाही. पटलावर ठेवलेल्या नियमांत दुरुस्ती सुचवता येते, त्यावर प्रश्न विचारता येतात. पण कामकाजपत्रिकेतील ‘पटलावर ठेवलेली कागदपत्रे’ ही ओळ वाचण्याचे कष्ट फार थोडे जण घेतात. एप्रिलमधील शाळेच्या निर्णयावर जेवढी चर्चा रस्त्यावर झाली, तिच्या काही अंशाने चर्चा जरी नियमांच्या दुरुस्तीवर आधी झाली असती, तर उन्हाचा, पिण्याच्या पाण्याचा, वर्गातील पंख्यांचा आणि शिक्षकांच्या सुट्टीचा विचार निर्णयापूर्वी करून घेता आला असता.

माध्यमाचा प्रश्न आणि अनुदानाची दोरी

गोव्यातील मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा शैक्षणिक प्रश्न प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमाचा आहे. त्याचा इतिहास पाहिला तर तो विधेयकांपेक्षा सरकारी निर्णयांचाच इतिहास दिसतो. १९९० मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना, प्रादेशिक भाषांतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले गेले. २०११ मध्ये दिगंबर कामत यांच्या सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांसाठी अनुदानाचे दार उघडले. २०१२ मध्ये सत्तेवर आलेल्या मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांचे अनुदान चालू ठेवले. भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या आंदोलनाचे मूळ याच निर्णयांत होते. या प्रत्येक वळणावर शाळेचा फलक, पाठ्यपुस्तके आणि मुलाच्या घरातील अभ्यासाची भाषा यांवर परिणाम झाला.

यामागे एक कायदेशीर कारणही आहे, ते २०१४ नंतर अधिक ठळक झाले. कर्नाटक सरकारने प्राथमिक शाळांवर मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती करणारे आदेश १९९४ मध्ये काढले होते. त्या वादात ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने, प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा आहे आणि राज्य मातृभाषेची सक्ती करू शकत नाही, असा निकाल दिला. म्हणजे उद्या एखाद्या सरकारने माध्यम सक्तीचे विधेयक मोठ्या उत्साहाने मांडले आणि ते एकमताने संमत झाले, तरी न्यायालयात ते टिकणे अवघड आहे. राज्याच्या हातात प्रामुख्याने उरते ते अनुदानाचे सूत्र, सरकारी प्राथमिक शाळांची गुणवत्ता आणि त्यांत पुरेसे शिक्षक देण्याची जबाबदारी.

यातून निघणारा निष्कर्ष मराठी शाळांची काळजी वाहणाऱ्यांनी गंभीरपणे घेण्याजोगा आहे. मराठी शाळेचे भवितव्य भाषाविषयक विधेयकात शोधण्याऐवजी शिक्षण खात्याच्या अनुदान मागण्यांत शोधायला हवे. पावसाळी अधिवेशनात या मागण्या चर्चेला येतात. त्या दिवशी आमदाराला कपात सूचना मांडता येते. सरकारी मराठी प्राथमिक शाळांत किती शिक्षकपदे रिकामी आहेत, एकशिक्षकी शाळा किती, गेल्या वर्षी पटसंख्येअभावी कोणत्या शाळा बंद झाल्या किंवा एकत्र केल्या गेल्या, हे तारांकित व अतारांकित प्रश्नांतून विचारता येते. अशा प्रश्नाच्या लेखी उत्तरात तालुकावार आकडे सभागृहाच्या नोंदीवर येतात आणि सरकारला पुढे त्यांपासून सहज मागे फिरता येत नाही. विधेयकावरील तासभराच्या भाषणापेक्षा असे एक उत्तर कित्येकदा अधिक उपयोगी ठरते.

मार्च २०२७ ची मर्यादा

सध्याच्या आठव्या विधानसभेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते. अधिवेशन संस्थगित झाल्याने प्रलंबित विधेयक रद्द होत नाही, परंतु विधानसभा विसर्जित झाली की सभागृहात किंवा त्याच्या समितीत प्रलंबित असलेले विधेयक आपोआप व्यपगत होते, असे कलम १९६ सांगते. सभागृहाने संमत करून राज्यपाल अथवा राष्ट्रपतींकडे गेलेले विधेयक मात्र विसर्जनाने मरत नाही. म्हणूनच मुदतीच्या अखेरच्या काळात मांडल्या जाणाऱ्या आणि समितीकडे धाडल्या जाणाऱ्या प्रत्येक शिक्षण विधेयकाबाबत, ते संमत करण्यासाठी आणले आहे की निवडणुकीच्या प्रचारात मिरवण्यासाठी, अशी शंका घेणे गैर ठरणार नाही.

निवडणुकीच्या तोंडावर घोषणांचा पाऊस पडेल. त्या प्रत्येक घोषणेपुढे काही साधे प्रश्न ठेवता येतील. हे विधेयक आहे, नियमातील दुरुस्ती आहे, की नुसते परिपत्रक? वित्तीय ज्ञापनात त्यासाठी रक्कम दाखवली आहे का? चिकित्सा समितीकडे गेले असेल तर अहवालाची तारीख कोणती? संमत झाले असेल तर संमतीसह राजपत्रात केव्हा प्रसिद्ध झाले? आणि ज्या नियमांशिवाय ते अमलात येऊ शकत नाही, ते नियम कोठे आहेत?

गोव्याचे राजपत्र दर गुरुवारी प्रसिद्ध होते, निकडीच्या वेळी त्याचे असाधारण अंकही निघतात. विधेयके, कायदे आणि नियम त्याच्या पहिल्या मालिकेत असतात. शाळेच्या पालक-शिक्षक संघाने एखाद्या इंग्रजी जाणणाऱ्या पालकाकडे ही मालिका चाळण्याचे काम सोपवले, त्यातला शाळेशी संबंधित भाग मराठीत सांगण्याची सोय केली आणि अधिवेशनापूर्वी आपल्या आमदाराच्या हाती दोन नेमके प्रश्न दिले, तरी पर्वरीतील कामकाज आणि गावातील शाळा यांच्यातले अंतर बरेच कमी होईल. पुढच्या वेळी शाळेची घंटा कोणत्या महिन्यात वाजणार, हे मग निदान निर्णय होण्याआधी कळेल.